नळीतला चिकटा

नागपूर, १९२८

चिरंजीव जगदेवले बापाचा आशीर्वाद.

सूनबाई दवाखान्यात आता उठून बसते. तिची फिकर करू नको.

पन बाटलीच्या दुधानं पोरीचं पोट बिघडलं, अन् तू लिवतं, "बाटलीची रबरी नळी रोज गरम पान्यानं धुतो"! काय उपकार करतं? इथल्या नर्सबाईनं तसलीच रबरी नळी मह्यासमोर उभी चिरली. आतून सारा बुळबुळीत चिकटा! जंतू त्यातच घर करून बसते, पानी नुसतं वरून निंघून जाते. घासाले बोट तरी जाते का आत?

फेक ते विलायती सोंग. घरात पितळेचं बोंडलं नाई का? राखेनं घासता येते. तुले त्यानंच दूध पाजलं.

सूनबाईले अजून काई सांगतलं नाई. पोरगी रडते का गप पडून राह्यते, तेवढं कळव. रडत असन तं बरं हाय.

नानाजी