उजवीकडून येणाऱ्याचा हक्क

रीटफेल्ड, डेल्फ्ट
बुधवार, जुलैचा तिसरा आठवडा

ती. स्व. अलेदाताईस,

धाकट्या गेर्लोफचा वाकून (कंबर परवानगी देईल तितकंच) नमस्कार. गालांवरचे नेहमीचे तीन मुके याच पाकिटात घातले आहेत, ते मोजून घे. तुझा डावा गुडघा काय म्हणतो? बाल्कनीतल्या जिरेनियमला यंदा फुलं आली का, की पुन्हा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी चादरी झटकून वाट लावली? माझी तब्येत उत्तम आहे. उत्तम म्हणजे कोरडी आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तू माझ्या तिसऱ्या वाक्याला उत्तर देतेस, आणि आज मला माझी सगळी वाक्यं लागणार आहेत.

ट्रुसचं कार्ड तुला पोचलं असेलच. शेजारीण म्हणून ती देवमाणूस आहे, पण बातमी आणि तिकीट यांच्यामध्ये ती फार वेळ जाऊ देत नाही. गेर्लोफ कालव्यात पडला, असं तिने लिहिलं असणार. आता तुझ्या गेल्या वाढदिवसाला, गोल मांडलेल्या खुर्च्यांत, चौदा माणसांच्या देखत मी जे बोललो ते मला पाठ आहे. ज्या दिवशी मी कालव्यात पडेन त्या दिवशी सायकल भिंतीला टेकवीन, हे उभ्या जिन्याचं घर सोडीन आणि आपेलडोर्नला तुझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला येईन, असं मी म्हणालो होतो. (केकचा दुसरा तुकडा पुढे येईल या आशेने मी जरा जोरातच बोललो. आला नाही. डबा बंद झाला होता.) त्या फ्लॅटचा अर्ज शुक्रवारपर्यंत जायला हवा हेही तू मला तीनदा कळवलं आहेस. म्हणून आधी माझी बाजू ऐक, आणि मग काय ते ठरव.

सोमवारी माझ्या गाव दाखवायच्या सायकलफेरीला नऊ पाहुणे होते. मार्लूसच्या कंपनीत (ती माझी मालकीण, वय एकतीस, मला ‘आजोबा’ न म्हणण्याचा तिचा प्रयत्न रोज दिसतो) सहा वाटाडे आहेत, पण सात पुलांची फेरी माझ्याखेरीज कुणाला देत नाहीत. का देतील? बाकीचे पाचजण हे गाव शिकून आले, मी त्यात वाढलो. कुठल्या पुलाची कोणती वीट सुटलीये, कोणत्या बोटीवरचं कुत्रं भुंकतं आणि कोणतं न भुंकता येतं, हे मला तोंडपाठ. जुन्या चर्चचा मनोरा सहा-सातशे वर्षं कलतोय आणि अजून पडलेला नाही, हे मी दर फेरीला अशा थाटात सांगतो की पाहुण्यांना वाटावं त्याला मीच धरून ठेवलाय. ताई, खरं सांगू? सकाळी नऊ वाजता, पाणी स्थिर असताना, मागे नऊ सायकलींच्या साखळ्यांचा आवाज ऐकत मी पहिल्या पुलावर चढतो ना, तेव्हा माझा ऊर असा भरून येतो की कोटाचं बटण लागत नाही.

त्या नऊजणांत एक डेन होता. थॉर्किल नावाचा, कोपनहेगनचा, साठीचा, ताठ, आणि निवृत्तीपूर्वी कामधंदा काय, तर सायकलींचे रस्ते आखायचा! माझ्यापुढे हा माणूस म्हणजे बेकरीत येऊन पावाचा वास घेणारा दुसरा बेकरीवाला. मी काहीही दाखवलं की तो मान हलवून म्हणे, ‘छान आहे. आमच्याकडे जरा रुंद असतं.’ रस्ता दाखवला, त्यांच्याकडे रुंद. सायकलतळ दाखवला, त्यांच्याकडे दुमजली. पूल दाखवला तर म्हणाला, ‘अरुंद आहे, पण गोड आहे.’ गोड! आपल्या पुलाला! शेवटी कालव्याच्या काठावर त्याने विचारलं, ‘इथे कठडा का नाही हो?’ तिथे मी त्याला पकडला. म्हटलं, ‘साहेब, कठडा लावला की माणूस बघायचं सोडून देतो. आम्ही बघून चालवतो. तीन वर्षांचं पोरही इथे पाण्यात पडत नाही.’ हे वाक्य मी किती वाजता बोललो ते मला आठवतं, कारण लगेच चर्चच्या घंटेने साडेदहा दिले. आणि मी पाण्यात गेलो तेव्हा पावणेअकरा व्हायचे होते.

आता नीट ऐक, कारण ट्रुसने हा भाग वगळला असणार. चौथ्या पुलावरून उतरून काठाच्या रस्त्याला लागतो, तो कोपरा. टपालखात्यात असताना तू तिथे बारा वर्षं घरोघर पत्रं टाकलीस, तुला काय सांगायचं! काठाने डावीकडून कुणी आलं तरी पुलावरून उतरणारा त्याच्या उजवीकडचा, म्हणून हक्क पुलावाल्याचा. बाबांनी आपल्याला हेच शिकवलं: उजवीकडून येतोस ना, मग थांबायचं नाही, कचरायचं नाही, समोर बघायचं आणि जायचं. मी पुलाच्या माथ्यावर सगळ्यांना थांबवलं आणि छोटंसं भाषण केलं. (लांबलं. थॉर्किलने घड्याळ बघितलं.) म्हटलं, ‘मंडळी, इथे दिवे नाहीत, शिपाई नाही, शिट्टी नाही. फक्त एक नियम आहे आणि त्यावर सगळ्या गावाचा विश्वास आहे. मी आता डावीकडे न बघता उतरून दाखवतो.’ आणि उतरलो.

डावीकडून ट्रुस येत होती. पुढे लाकडी पेटी असलेली तिची ती तीनचाकी, आणि पेटीत तिच्या नवऱ्याच्या, योपच्या वाढदिवसाची सफरचंदाची टार्ट. मी तिला पाहिलं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून. मान वळवणं म्हणजे थॉर्किलपुढे हार. शिवाय थांबायचं तिने होतं! तिनेही मला पाहिलं, पण ती थांबेना. तिलाही आपला हक्क वाटत होता. ताई, आपल्या लोकांना तू ओळखतेस. आपण एकमेकांसाठी जीव देऊ, पण पहिला मान दुसऱ्याला देणार नाही. अगदी शेवटच्या हातभर अंतरावर मी उजवीकडे वळलो. उजवीकडे कालवा होता.

पाणी गार होतं एवढंच सांगतो. वर बारीक हिरव्या पानांचा थर यंदा असा दाट आलाय की कुत्री हिरवळ समजून उडी मारतात. मी त्या हिरव्यातून डोकं बाहेर काढलं, मिशीतून पानं थुंकली, आणि माझे पहिले शब्द होते, ‘उजवीकडून मी होतो!’

ट्रुस काठावर उभी होती. एका हाताने हँडल, दुसऱ्याने टार्ट. म्हणाली, ‘होतास रे बाबा. गेल्या मंगळवारपर्यंत.’

मग तिने बोट दाखवलं. पुलाच्या उतारावर, जिथून मी आलो तिथे, ताजे पांढरे त्रिकोण रंगवलेले होते. शार्कचे दात! सगळी टोकं येणाऱ्याकडे रोखलेली. म्हणजे थांब, आधी दुसऱ्याला जाऊ दे. सहासष्ट वर्षं त्या कोपऱ्यावरून जातोय मी. बाबांच्या दांडीवर बसून गेलो, शाळेत गेलो, लग्नाला गेलो. कोपऱ्याला नियम विचारायला रस्त्याकडे बघायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घरच्या जिन्याच्या पायऱ्या कुणी मोजतं का? आणि नेमकी हीच गोष्ट मला थॉर्किलने ऐकवली. त्यानेच गुडघ्यावर बसून, कोट न काढता, मला काखेत धरून वर ओढलं, आणि मी उभा राहिल्यावर अगदी सभ्यपणे म्हणाला, ‘आमच्याकडेही हे दात असतात. आमच्याकडे त्यांचा अर्थ थांबा असा होतो. म्हटलं, तुमच्याकडे काही वेगळा असेल.’

मी ट्रुसकडे वळलो आणि नवऱ्याच्या वाढदिवसाबद्दल तिचं अभिनंदन केलं. रीत म्हणजे रीत, मग अंगावरून पाणी का निथळत असेना. तिने तीन वेळा हवेतच मुके घेतले (जवळ यायला तयार नव्हती) आणि म्हणाली, ‘चार वाजता कॉफीला ये. पण घरी जाऊन अंघोळ करून ये, नाहीतर सगळ्या खुर्च्या हिरव्या करशील.’

पण खरी शान आता आहे, ती ट्रुसने लिहिली नसेल. समोरच्या बोटीवाल्याकडून आकडी घेतली आणि सायकल शोधायला लागलो. पहिल्या खेपेला आली ती कुणाची तरी गंजलेली बायकांची सायकल. दुसऱ्या खेपेला चाक नसलेली लहान मुलाची. तिसऱ्या खेपेला माझी. मी थॉर्किलला म्हटलं, ‘बघा, तुमच्याकडे सायकलतळ दुमजली. आमच्याकडे तीनमजली!’ तो हसला, ताई. पहिल्यांदा. आणि मग मी त्याच सायकलवर बसून, बुटांतून दर पायडलला पचक पचक आवाज करत, उरलेले तिन्ही पूल दाखवले. सात पुलांची फेरी म्हणजे सात पूल. एकही पाहुणा परत गेला नाही. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाहुण्यांतल्या एका ऑस्ट्रियाच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या कॉलरमधून एक जिवंत गोगलगाय काढून परत पाण्यात सोडली. एकाहत्तराव्या वर्षी असं किती वाटाडे करून दाखवतील? तूच सांग.

म्हणून माझं म्हणणं असं की याला पडणं म्हणू नये. पडणारा माणूस तोल जाऊन पडतो. मी तोल सांभाळून, दिशा ठरवून, एका बाईला आणि तिच्या टार्टला वाचवण्यासाठी रस्ता सोडला. (टार्ट चांगली झाली होती. एकच तुकडा मिळाला.) चौदा साक्षीदारांपैकी कुणीही याला पडणं म्हणणार नाही, निदान तुझ्या नणदा सोडून. तेव्हा फ्लॅटचा विषय माझ्या मते इथे संपतो. गुडघ्याला गरम पिशवी लाव. गोळ्या वेळेवर घे.

तुझा, अजूनही काठावरचा,
गेर्लोफ

ता. क. पत्र पाकिटात घालून परत काढलं. ताई, मी पडलो. वर लिहिलंय तो वकिली कावा आहे आणि तू तो दुसऱ्या ओळीत ओळखला असशील. शब्द दिला तो दिला. फ्लॅटचा अर्ज सोबत जोडला आहे, खाली माझी सही आहे, निळ्या शाईने. मागे घेणार नाही.

ता. क. आणखी एक. पाण्याबाहेर डोकं काढायच्या आधी थोडा वेळ गेला, तो मी वर गाळला. बूट चिखलात रुतला होता. वर हिरवं झाकण, खाली अंधार, आणि मला पाहुण्यांच्या टाळ्या ऐकू येत होत्या. सुरुवातीला मी त्यांना म्हटलं होतं की वाटेत एक गंमत दाखवीन. त्यांना वाटलं, हीच ती गंमत. फोटो काढत होते. मी फार घाबरलो, ताई. मागे इतकी माणसं होती, पण माझं नाव घेऊन ओरडणारं एकही नव्हतं. गावाचा मला अभिमान आहे तो आहेच, पण त्या वेळी गाव नाही आठवलं. ‘गेर्लोफ, मूर्खा, दात बघ!’ असं कुणीतरी मागून ओरडायला हवं होतं, आणि ते कोण ओरडलं असतं हे मला पक्कं माहीत आहे.

ता. क. शेवटचं, आणि खरं तर पत्र एवढ्यासाठीच. मार्लूसने मला काढलेलं नाही. तिची अट अशी आहे की सत्तरीपुढचा वाटाडा पुढे असेल तर सायकलींच्या रांगेत सगळ्यात मागे आपला एक माणूस हवा, गाव माहीत असलेला, नियम पाळणारा आणि मोठ्या आवाजाचा. शुक्रवारपर्यंत नाव द्यायचंय. त्याचा फॉर्म पाकिटात दुसरा कागद म्हणून घातलाय, नावाची जागा मोकळी सोडलीये. डाऊवे भावोजी गेल्यापासून तुझी सायकल तळघरात उभी आहे, आणि मी कधी विचारलं की तू गुडघ्यावर ढकलतेस. गुडघ्याला पायडल मारलेलं चालतं, मी त्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलंय. वरची खोली झाडून ठेवली आहे, जिना उभा आहे पण धरायला दोरी बांधली आहे. दोनच कागद आहेत, ताई. तुझ्या हाताने जो टपालात पडेल तो मला मान्य. पडला फ्लॅटचा, तर सामान बांधतो, कुरकुर करणार नाही. दुसरा असेल, तर सायकल घेऊन सकाळी नऊनंतरच्या गाडीने ये, त्याआधी डब्यात सायकलला जागा नसते. मार्लूस पिवळ्या बंडीचं माप विचारत होती. मी म्हटलं, मधलं चालेल, पण आवाजाला जागा ठेव.