हवा पास

४ मे, सकाळी ७
आजपासून घरातल्या हवेची जबाबदारी माझ्याकडे. हिचा दमा परागकणांमुळे उसळतो असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मनात म्हटलं, बारीक मोजणं हा तर आपल्या हातचा मळ. चौतीस वर्षं गिरणीत कापड तपासलं. धागे मोजायचं भिंग अजून कपाटात आहे. काचेच्या पट्टीला व्हॅसलिन फासून गॅलरीत ठेवली. भिंगाच्या चौकटीत दहाच्या आत कण, तर हवा पास. वर गेले की नापास, खिडक्या बंद.

५ मे
एकतीस. कोरडं ऊन, भणभण वारा. नापास. सूनबाई म्हणाली, बाबा, फोनवर रोज आकडा येतो की. मी म्हटलं, फोनवाला आपल्या गॅलरीत आला होता का कधी? पटलं तिला. निदान आत निघून गेली.

८ मे
नियम सापडला. ऊन-वारा, कण वर. ढगाळ-दमट, कण खाली. पाऊस आला की हवा धुऊन निघते. एवढ्यासाठी लोक कॉलेजात जातात! चार्ट करून फ्रिजवर लावला. संध्याकाळी पाहतो तर हिने त्याच्या कडेला वाणसामान लिहिलेलं. पिकतं तिथे विकत नाही.

११ मे
सात. पास. हिला खाली फिरवून आणलं. हल्ली जिना चढताना ही मध्येच थांबते, कठडा धरून. चांगली सवय. जन्मभर धावत चढली.

१४ मे
दुपारी जरा डोळा लागला, तेवढ्यात काचेवर कबुतर बसून गेलं. पिसं वगळून मोजले. नऊ. पास. इन्स्पेक्शनमध्ये थोडा विवेक लागतोच.

१७ मे
ही पाठीशी उशांचा ढीग लावून बसूनच झोपते. आडवं झालं की बरं वाटत नाही म्हणे. पाठीचं काहीतरी असावं. बोलणंही कमी, चार शब्द झाले की थांबते. सारखी स्वयंपाकघरात जाते. घर कसं शांत आहे. हवेचाच गुण.
सूनबाईचं एकच पालुपद, आईंना डॉक्टरकडे नेऊ. ही म्हणाली, पुढच्या आठवड्यात बघू. मी सूनबाईला चार्ट दाखवला. नऊ तारखेपासून एकही नापास नाही.

१९ मे, दुपारी १
विचित्र हवा. पान हलत नाही. आभाळ काळंनिळं, लांबवर गडगड. समोरच्या मैदानातलं गवत तुऱ्यावर आलंय, पिवळं, गुडघाभर, अजिबात न हलता उभं. हिने गॅलरीचं दार लावून घेतलं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, असू दे.

३.४०
एकदम वारा सुटला, मग थेंब. काच आत आणली. दोन कण. फक्त दोन! बाकी नुसता पुसट धुरकट थर, व्हॅसलिन जुनं झालं असणार. आजवरचा सर्वांत कमी काउंट. सगळी दारं-खिडक्या स्वतः उघडली. हिला गॅलरीच्या दारात खुर्ची मांडून दिली. म्हटलं, घे, धुतलेली हवा आहे, छाती भरून घे.

४.०५
खोकते आहे. आतली जुनी हवा बाहेर पडत असणार.

४.१५
बोलता येत नाही तिला. ओठ निळे. सूनबाई गाडी काढते आहे.

२० मे, हॉस्पिटल
श्वास चालू आहे. मास्क आहे.
आमच्या भागातले आणखी अकरा जण काल तासाभरात इथे आले. डॉक्टर म्हणाले, असं वादळ आलं की परागकण ओल पिऊन फुटतात. तुकडे इतके बारीक की नाकात अडकत नाहीत, थेट छातीत उतरतात. मी म्हटलं, पण मी मोजले होते, दोनच होते. ते म्हणाले, अख्खे दोनच राहिले असतील.
तो धुरकट थर मी बोटाने पुसून टाकला होता.
नर्सने विचारलं, गेल्या पंधरवड्यात दम्याचा पंप दिवसाला किती वेळा घेत होत्या? मी खिशातून चार्ट काढायला लागलो. त्यात पंपाचा रकाना नव्हता. सूनबाई खाली बघत म्हणाली, "आठ-नऊ वेळा. स्वयंपाकघरात जाऊन घ्यायच्या. बाबांना सांगू नकोस म्हणायच्या."

दुपारी ३
दोन मिनिटं मास्क काढला. मी विचारलं, दार तू लावलं होतंस, मग मला उघडू का दिलंस?
थांबत थांबत म्हणाली, "छातीला सकाळीच कळलं होतं, अहो. पण तुम्ही ती काच घेऊन आलात... तुमचा चेहरा इतका खुलला होता."
नर्सने मास्क परत लावला. आता त्यांना बोलायला लावू नका म्हणाली.