पाण्याचा नमुना

प्रिय मयुरी,

हे पत्र घरी न पाठवता तुमच्या बचत गटाच्या ऑफिसवर पाठवतेय. तिथेच बसून, एकटीनं वाच. फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि सासूबाई शेजारी भाजी निवडत बसलेल्या. जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर जायला नको. सकाळपासून दोन ओळी लिहिते नि उठते. खिडकी उघडते, लावते, परत येऊन बसते. एकदाचं सांगून टाकते. तुमच्या संत्र्याच्या रसाच्या कारखान्याचा अहवाल मी बँकेतून परत मागवलाय. कर्ज मंजूर व्हायला आलं असताना, तुला न विचारता. चिडायचं तेवढं चीड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

तुला वाटतं मी बुलडाण्यात बसून फार मोठं काहीतरी लिहिते. अगं, कसलं काय. जुन्या प्रकल्पाची फाइल उघडायची, पार्टीचं नाव बदलायचं, गाव बदलायचं, मशिनरीची यादी बदलायची, झाला अहवाल. मागे मलकापूरकडच्या एका डाळमिलच्या अहवालात 'बंदर जवळ असल्याने मालवाहतूक सुलभ' असं वाक्य राहून गेलं होतं. मूळ फाइल कोकणातल्या मासळीच्या कारखान्याची होती. कोणाच्या बापाला पत्ता लागला नाही. सारांश छापायचा पहिल्या पानावर, पण लिहायचा सगळ्यात शेवटी, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं. आमच्या हिंमतराव साहेबांचं उलटंच. ते आधी सारांश सांगतात, प्रकल्प व्यवहार्य आहे म्हणून, आणि मग म्हणतात, आता याले बसतील असे आकडे लाव. माणूस वाईट नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं की त्यांना जेवण जात नाही, इतकंच.

तुमचा अहवाल मात्र मी कोऱ्या पानापासून लिहिला, मयुरी. सोनाळ्याच्या बागांमधून फिरले. आंबिया बहाराची फळं किती, मृगाची किती, गळ कधी होते, व्यापारी कोणती फळं बाजूला काढतो, सगळं विचारून घेतलं. वीज कधी जाते ते तुमच्या चक्कीवाल्याला विचारलं. तो मला वीज मंडळाची बाई समजून भांडलाच. सारांश शेवटी लिहिला आणि इतका बरा वाटला की स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवला. पाण्याचं पान तर माझं सगळ्यात लाडकं. बॉयलरसाठी बोअरच्या पाण्यावर वेगळी प्रक्रिया करायची गरज नाही, असं मी ठणकावून लिहिलं, कारण प्रयोगशाळेनं पाणी उत्तम ठरवलं होतं. तुमचं गाव सोनाळ्याच्या खाली, पार खारपाणपट्ट्यात. तिथे बोअरला गोड पाणी लागलं आणि मला शंकाही आली नाही. लोणारच्या पोरी आपण, खाऱ्या तळ्याच्या काठावर वाढलेल्या, आणि मी म्हणते काय, मयुरीचं नशीब चांगलं.

तुझ्या नणंदेच्या डोहाळजेवणाला आले होते ना, त्या दिवशी कळलं. तू अंगणात बायकांना कारखान्याच्या पाटीचा रंग दाखवत होतीस. तुझ्या सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, मला तांब्याभर पाणी दिलं आणि शेजारी बसून कौतुकानं सांगायला लागल्या, की पोरी, तुह्या हापिसातून बाटली आलती ना, त म्या तिच्यात सोनाळ्याचं गोड पाणी भरून देल्लं, आपल्या बोअरचं खारं पाणी एवढ्या मोठ्या हापिसाले काऊन धाडाव? तोंडातला घोट तसाच राहिला माझ्या. तुमच्याकडे आल्या-गेल्याला बोअरचं पाणी कोणी देत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्यासाठी दरवेळी वेगळ्या माठातलंच येतं. तीच रीत त्यांनी बाटलीलाही लावली. त्यात कपट नव्हतं गं, उलट मानानं दिलं त्यांनी. आणि नमुना पार्टीनंच भरून पाठवायचा, हा आमच्या ऑफिसचा शिरस्ता. एका बाटलीसाठी इतक्या लांब कोण गाडी काढतंय.

खरं सांगू? परत आल्यावर मी काही दिवस गप्प बसायचंच ठरवलं होतं. अहवाल गेला होता, साहेब खूश, तू खूश. पण जेवायला बसले की तो बॉयलर डोळ्यांपुढे यायचा. त्या पाण्यानं नळ्यांत क्षार चढणार, पहिल्याच हंगामात मशीन बंद पडणार, आणि कर्जाच्या कागदावर तुमच्या गटातल्या प्रत्येक बाईची सही. पाणी गोड करायचं यंत्र बसवता येतं. त्याला खर्च वाढतो, पुन्हा सगळं मांडावं लागतं, आणि हा आंबिया बहार तुमच्या हातून जातो. जातोच, मी खोटी आशा लावत नाही. पण पुढच्या वर्षी कारखाना उभा राहू शकतो, फक्त बँकेत गटाचं नाव चांगलं राहायला हवं. माझा जीव अडकलाय तो तिथेच.

कारण अहवाल परत मागवायचा तर कारण द्यावं लागतं. हिंमतराव साहेब म्हणाले, त्यात काय, लिही की गटानं चुकीचा नमुना पुरवला. खरं तर तेच आहे. पण बँकेत या वाक्याचा अर्थ एकच होतो, की या बायका लबाड आहेत. मग पुढच्या वर्षीच काय, कधीच तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही. आणि गावात विचारपूस होणार, बाटली भरली कोणी. ज्या बाईनं आयुष्यात कोणाला खारं पाणी पाजलं नाही, तिला लोक या वयात फसवी म्हणणार. मला ते सोसलं नसतं, मयुरी. मला आत्तासुद्धा नुसत्या विचारानं रडू येतंय.

म्हणून मी बँकेला कारण लिहून दिलं की नमुना मी स्वतः घेतला आणि चुकीच्या विहिरीवरून घेतला. खाली सही केली. जाणूनबुजून खोटं लिहिलेलं हे माझं पहिलं वाक्य, आणि ते लिहिताना हात जरासुद्धा थांबला नाही. साहेबांनी अजून ते वाचलेलं नाही. वाचल्यावर मला ठेवतील की घरी पाठवतील, ते त्यांचं ते बघतील. पण त्याआधी बँकेचे साहेब तुमच्याकडे चौकशीला येणार आहेत, आणि शाळेपासून तुझं खोटं तुझ्या तोंडावर दिसतं, म्हणून तयारीला वेळ मिळावा यासाठी हे सगळं आधीच लिहिलं. त्यांनी विचारलं तर एवढंच म्हण, मंजू आली होती, बाटली तिनंच भरली. आणि सासूबाई मध्येच कौतुकानं खरं सांगायला लागतील. तेव्हा त्यांना चहा ठेवायला आत पाठव.

तुझीच, तू बोलणं सोडलंस तरी तुझीच,
मंजुश्री