पाचटावरची झोप

पुणे, मंगळवार

चि. सौ. सत्यभामास ताईचे आशीर्वाद.

मी लेकाकडे बरी आहे, गुडघाही कमी दुखतो. तुझं पित्त कसं आहे?

परवा वाचलं, की आपल्या पेशींत धागे असतात आणि त्यांची टोकं वयाबरोबर झिजतात. हाल काढलेल्या लोकांत ती सरासरीनं लवकर झिजलेली दिसतात. एकट्या माणसाचं मात्र त्यावरून सांगता येत नाही.

तरी मला तुझे दाजीच आठवले. ढोकीच्या उसाच्या फडात मोळ्या वाहून दुपारी पाचटावर आडवे व्हायचे. मी म्हणायचे, "पंचेचाळिशीतच म्हातारे झालात व्हय?" ते हसून उठायचे. पन्नाशी काही त्यांनी पाहिली नाही.

तुझे रामकिसनराव दुपारी झोपतात का गं? झोपले तर उन्हं उतरेपर्यंत उठवू नकोस.

तुझी ताई