ओळखीच्या गाडीला पाना

बाबा, परवा मला वाशीमच्या कोर्टात तुमच्या शेडमधली एक गोष्ट सांगावी लागणार आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा परवानगी मागायचा प्रश्न नाही. तरी आधी तुम्हाला सांगते आहे, कारण मी रागावले आहे, आणि राग ज्याच्यावर आहे त्याला तो आधी कळावा असं मला वाटतं.

घडलं त्या क्रमाने लिहिते. नागपूरला शिकून मी आता वाशीमच्या एका कचेरीत नकाशे काढते. धाकटा दुसऱ्याचा ट्रक चालवत होता. स्वतःची जीप घेऊन वाशीम-रिसोड भाड्याने चालवावी असं त्याच्या मनात होतं, आणि मी हो म्हटलं. शेडमधल्या जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीतले तुमचे भागीदार, ज्यांना आम्ही काका म्हणत आलो, अनसिंगला असतात. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातली एक जीप होती. ती घ्यायला आम्ही गेलो तेव्हा काकूंनी बॉनेटला हळदकुंकू लावून ठेवलं होतं, नारळ पायरीवर होता. काका म्हणाले, "खोलून पाहतं का पोरी? तू त शिकेल हायेस." धाकट्याच्या हातात पाना होता. मी त्याला तो खाली ठेवायला सांगितला. "कायले काका? तुमची गाडी आमी कायले खोलू?" काका हसले आणि त्यांनी नारळ फोडला.

हे वाक्य माझं नव्हतं. मी दहा वर्षांची आहे, शेडमध्ये तुमच्या एका मित्राचा ट्रक उभा आहे, तुम्ही तो घेणार आहात. मी खाली वाकून पाहते आणि मोठ्याने सांगते, "बाबा, मागून तेल गळून राह्यलं." तुम्ही मला दंडाला धरून उभं करता. सगळ्यांसमोर. "ओळखीच्या गाडीले पाना लावत नसतात. अपमान होते मानसाचा." दंडावर तुमची काळी बोटं उमटली होती. आईने राखेने चोळून काढली ती. मी आजवर पुस्तकातले अनेक नियम तपासून मगच मानले. हा एक न तपासता मानला.

दुसऱ्याच आठवड्यात रिसोडच्या अलीकडे गाडीने दुसरा गिअर सोडला. आत दगड दळल्यासारखा आवाज झाला आणि ती बंद पडली. सहा उतारू होते. बैल लावून ती परत आणली. मी गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट काढला, तेल कापडातून गाळलं. कापडावर भुसा राहिला. सागाचा, मैद्यासारखा बारीक. वर गिअरचे दोन तुटलेले दात. नवा तुटलेला दात खरबरीत असतो, बाबा. हे दोन्ही काठांना गुळगुळीत झाले होते, म्हणजे केव्हाचे तुटलेले. आवाज दाबायला तेलात भुसा घातला होता.

आणि तो किती बारीक चाळायचा, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आई स्वयंपाकघरातून विचारते आहे, "माही मैद्याची चाळनी कोनं नेली वं?" चाळणी माझ्या हातात आहे. मी चाळते आहे, काका तेलात भुसा ओतताहेत, आणि तुम्ही हसत सांगताय, "जाडा राह्यला त वास येते. हे फकत मालूम असावं, करायचं नाही." मी विश्वास ठेवला. पण चाळणी स्वयंपाकघरात कधी परत आली नाही. ती परवा तुमच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी सापडली. जाळीत अजून भुसा आहे.

मी अनसिंगला गेले. गाडी परत घ्या एवढंच म्हटलं. काका बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत. "पाहून नेली ना वं तुमी? म्या त खोल म्हनलं होतं."

"भुसा कोणी घातला, काका?"

"कायचा भुसा? मले नाही मालूम." मग आवाज उतरवून, "अन कोर्टात काय सांगशीन? कोनाच्या शेडात पाह्यला ते सांगशीन? तुह्या बापाचं नाव घेशीन?"

वकिलांनी मला कायदा सांगितला. काका काही दुकानदार नाहीत. घरची जुनी गाडी विकणाऱ्याने दोषाबद्दल गप्प राहणं ही फसवणूक होत नाही. पाहून घेणं घेणाऱ्याचं काम. पण दोष मुद्दाम झाकला आणि घेणाऱ्याला तो कळला नाही, तर ती फसवणूक, आणि सौदा मोडता येतो. "झाकणं त्यांना येत होतं, हे कोण सांगणार, बाई?" मी म्हटलं, "मी." "तुम्हाला कसं माहीत?"

आई म्हणते, "मेलेल्या मानसाले कायले वढतं कोर्टात?" धाकटा ओट्यावर बसून असतो. त्याच्या जागी ट्रकमालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला आहे. गाडी परत जाऊन पैसे आले नाहीत, तर तो तसाच बसेल. म्हणून मी सांगणार. चाळणी नेणार, तेल नेणार, माझं वय तेव्हा किती होतं ते सांगणार.

बाबा, भुशाचा मला एवढा राग नाही. लबाडी सगळ्या धंद्यांत असते. पण नियमही तुमचा आणि भुसाही तुमचा. भुसा आवाज दाबतो आणि नियम झाकण उघडू देत नाही. एकाशिवाय दुसरा चालत नाही, हे मला नकाशे काढणारीला इतक्या उशिरा दिसलं. तुम्ही मला सभ्यता म्हणून शिकवलंत ते त्याच यंत्राचा अर्धा भाग होतं. किती ओळखीची माणसं त्या शेडमधून नारळ फोडून गेली, ते मी मोजायला बसले आणि थांबले.

हा कागद चाळणी होती त्या पेटीत ठेवते आहे.

एक गोष्ट राहिली. नारळ फोडण्याआधी आम्ही फाट्यापर्यंत गाडी चालवून पाहिली होती. त्या जातीच्या जीपचा दुसरा गिअर कुरकुरतो, नवाही कुरकुरतो. हा मऊ चालला. मला ते ऐकू आलं होतं. तसा आवाज मी फक्त तुमच्या शेडमधून निघणाऱ्या गाड्यांचा ऐकला होता, आणि बऱ्याच वर्षांनी ऐकून बरं वाटलं, म्हणून मी विचारलं नाही. हे वकिलांना अजून सांगितलेलं नाही.