छत्तीस फुटी मोटरहोम आणि क्लेटनचे शब्द

४ जानेवारी, रविवार. चर्चहून आल्यावर.
संकल्प. संसाराला सदतीस वर्षं झाली, त्यातली शेवटची दहा क्लेटन नुसत्या हुंकारांवर चालवतोय. ते आता बंद. निवृत्त झाल्यावर त्याने छत्तीस फुटी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेतलंय. सोळा दिवस वाळवंटात फिरायचं, समोरासमोर बसायचं, बोलायचं. गाडीत माझ्याशी बोलल्याशिवाय जाईल कुठे? किराण्याच्या वहीत मागच्या पानावर नवं खातं उघडलं: क्लेटनचे शब्द. आजचे तीन. (मीठ कुठे आहे.) हुंकार धरलेले नाहीत.

७ जानेवारी, बुधवार.
मार्ग आखला. मोन्युमेंट व्हॅलीचे लाल खडक, निवडुंगांचं रान, मग डेथ व्हॅली. नाव अभद्र आहे. त्या दिवशी स्तोत्रं दोन. एरवी प्रत्येक ठिकाणी एक. टूना-नूडल्सचे बत्तीस डबे फ्रीझरमध्ये. गाडीतला संडास वापरायचा नाही. भरला की रिकामा करावा लागतो. हे सांगितल्यावर क्लेटन बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. कौतुक त्याला बोलून दाखवता येत नाही.

१२ जानेवारी, सोमवार.
चर्चच्या पार्किंगमध्ये रिव्हर्सचा सराव. एवढ्या लांब गाडीत मागचं काही दिसत नाही, म्हणून बायकोने मागे उभं राहून वॉकीटॉकीवर सांगायचं असतं. त्याने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, तरी मला विचारावं लागलंच. शब्द अठ्ठावन्न! सगळे 'डावीकडे?', 'थांबू?', 'अजून किती?' असले, पण शब्द तो शब्द. संधी साधून मी विचारलं, क्लेटन, तू सुखी आहेस ना? तेवढ्यात गाडी खांबाला टेकली. मागचा दिवा फुटला. म्हणाला, ओपल, तू फक्त डावं-उजवं सांग.

१५ जानेवारी, गुरुवार.
शेजारची डार्लीन कुंपणावरून म्हणाली, अगं बाई, सोळा दिवस? त्या खोक्यात? आमच्या यांनी तिसऱ्याच दिवशी मला टपावर जाऊन बस म्हणून सांगितलं होतं! मी म्हटलं, तुमचं तसं असेल, आमचं जमतं. तर म्हणते, क्लेटन मला परवा म्हणाला, वाळवंटात एवढी शांतता असते की स्वतःचे कान ऐकू येतात. नऊ शब्द, आणि तिला! नवराबायकोचं खातं एकच. धरले.
शांततेची काळजी नको. वाटेत त्याला विचारायच्या प्रश्नांची यादी केली. एकशे चाळीस झाले.

२० जानेवारी, मंगळवार.
यादी वाचून दाखवल्यापासून क्लेटन अंगणात मोटरहोममध्येच झोपतोय. गादीची चाचणी. मी म्हटलं, मीही येते, दुसरी बाजू तपासायला नको? म्हणाला, दुसरी बाजू ठीक आहे.
सकाळी गाडीतलं कपाट उघडलं. एकच ताट, एकच कप. बाकी सगळं, माझ्या घडीच्या खुर्चीसकट, त्याने घरात आणून ठेवलंय. वजन कमी तर पेट्रोल कमी. माझ्या हाताखाली शेवटी काटकसर शिकला. देवाचे आभार मानले.

२६ जानेवारी, सोमवार. सकाळी आठ.
निघायचा दिवस. गाडीच्या दाराशी प्रार्थना केली. मी मागे उभी राहून त्याला अंगणातून रस्त्यावर काढलं. डावं, थोडं उजवं, थांब, आता सरळ. एक ओरखडा नाही. सरळ म्हटल्यावर तो सरळ गेला. कोपऱ्यावर वळला.
मग वॉकीटॉकी बोलला. ओपल, तू वाईट नाहीस. एकतीस वर्षं बसमध्ये आवाज ऐकला, मग घरी ऐकला. मला आता फक्त गप्प बसायचंय. किती दिवस ते माहीत नाही. डबे तू खा. आणि ओपल. पुढे खरखर. दोन मैलांपलीकडे ते यंत्र चालत नाही.
शब्द सत्तावीस. त्यात डावं-उजवं एकही नाही. 'आणि ओपल'च्या पुढे जागा रिकामी सोडली आहे. आल्यावर विचारून भरेन. एकशे एकेचाळीसावा प्रश्न.
संकल्प: रोज एकच डबा खायचा. शेवटच्या डब्यापर्यंत तो येईलच.

२६ फेब्रुवारी, गुरुवार.
बत्तिसावा डबा.
शब्द शून्य.
हुंकार धरायला हवे होते.