रेडिएटर रविवारी दोन तास थंड ठेवून मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
नगर उष्णता पुरवठा कचेरी, नारिन, किर्गिझस्तान.

विषय : ओव्हरक्लॉक केलेल्या कॉम्प्युटरवरील गेम वारंवार बंद पडत असल्याने घरातील रेडिएटर थंड करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपले उत्तर, "आमच्याकडे थंडीच्या तक्रारीचा रकाना आहे, उष्णतेचा नाही."

महोदय,

मी, खाली सही करणार तेंतिमिश ओरोझोव, वय ६३, निवृत्त ट्रॅक्टर मेकॅनिक, सविनय पण दुसऱ्यांदा कळवतो की,

१. माझा कॉम्प्युटर कारखान्याने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलेला आहे. हे काम मी जानेवारीत, बाहेर उणे सव्वीस असताना, बाल्कनीत केले. सगळ्यांप्रमाणे आमचेही हिवाळ्याचे मांस बाल्कनीतच असते. त्याच्या शेजारी यंत्र दोन महिने विनातक्रार चालले.

२. मार्चचे ऊन पडताच वर टांगलेल्या घोड्याच्या मांसाची चरबी थेट कॉम्प्युटरवर ठिबकू लागली. सबब तो आत आणला. माझा मुलगा एर्मेक मॉस्कोत असतो आणि माझ्याशी या यंत्रातूनच बोलतो. अशा वस्तूला दाराशी जोड्यांजवळ बसवण्याची आमच्याकडे रीत नाही. म्हणून तो 'तोर'वर, दारासमोरच्या मानाच्या जागी मांडला. नेमका तिथेच आपल्या गरम पाण्यावर खोली तापवणारा रेडिएटर आहे. तेव्हापासून आम्ही बापलेक खेळतो तो रणगाड्यांचा गेम वीस मिनिटांत बंद पडतो.

३. मी हातावर हात ठेवून बसलो नाही. पंखा बदलला. मेमरी काढून, पुसून बसवली. ड्रायव्हर तीनदा नव्याने टाकले. पत्नी अनारकान हिने दृष्ट काढायला आर्चाच्या झाडाच्या पाल्याची धुरी दिली. आम्हा दोघांना शिंका आल्या आणि गेम पडायचा तो पडलाच. दुरुस्तीवाला शुमकार म्हणतो, "काका, बिघाड काही नाही. तुम्ही त्याला हिवाळ्याच्या हिशेबाने ताणलंय. वेग उतरवा, दोन मिनिटांचं काम." हा सल्ला मला मान्य नाही. कारण कलम ५ मध्ये दिले आहे.

रेडिएटरला बंद करायचा नळ नाही. तो थंड करायचा तर चारही मजले थंड होतात, असे आपला प्लंबर सांगतो. हे वरच्या मजल्यावरच्या बुरुल आपांना कळल्यापासून त्या माझा सलाम घेत नाहीत. "या म्हाताऱ्याला खेळणं हवं, म्हणून आम्ही कुडकुडायचं," असे त्यांनी जिन्यात सर्वांना ऐकू जाईल इतपत सांगितले. त्यांना दोन तास आमची गोधडी देण्यास मी तयार आहे.

४. आपण म्हणाल, मुलाला फोन करा. फोनवर तिसऱ्या वाक्याला आमचे भांडण होते. रागापायी मी त्याच्या लग्नाला गेलो नाही, ते तिसऱ्या वाक्याला निघतेच. गेममध्ये मात्र "बाबा, डावीकडे बघा" म्हणता म्हणता तो कामाचे, घरचे, सगळे सांगतो. गेल्या रविवारी म्हणाला, "बाबा, आम्हाला मुलगी झालीय. तिचं नाव तुम्ही..." आणि पडदा काळा झाला. गेम पुन्हा सुरू होईपर्यंत तो निघून गेला होता. एक ओळ लिहून ठेवली होती : "मोक्याच्या वेळी तुम्ही नेहमीच उठून जाता."

महोदय, मी उठलो नव्हतो.

५. वेग उतरवला तर माझा रणगाडा मागे पडतो आणि एर्मेकला थांबावे लागते. ज्या बापाचा पाय लग्नाला जायला उचलला नाही, त्याने मुलाला "माझ्यासाठी थांब" कुठल्या तोंडाने म्हणावे? सबब येत्या रविवारी दुपारी दोन ते चार रेडिएटर थंड ठेवावा, ही विनंती.

आपल्या कचेरीचा नियमित ग्राहक व आपला नम्र,
तेंतिमिश ओरोझोव
नारिन, दि. १४ मार्च

सोबत : १) काळ्या पडद्याचे छायाचित्र (एक). २) शुमकारचा लेखी सल्ला, अमान्य.

ता. क. : हा अर्ज अनारकानने वाचला आणि मला न विचारता फोनवरून मुलाला वाचून दाखवला. कलम ५ त्याने पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाला, "वेग उतरवा बाबा. मी थांबतो." वेग उतरवला आहे. तरी अर्ज रद्द समजावा व रेडिएटर चालू ठेवावा. नातीचे नाव मी ठरवले आहे, परंतु ते आधी एर्मेकला सांगायचे असल्याने येथे नमूद करत नाही.